शिवलेली पत्रं

३ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बस सुटताना तू खिडकीतून काहीतरी ओरडून विचारलंस. मला ऐकू आलं नाही. एक तर बसचा घरघराट, त्यात माझे हे कान. लोक बघत होते म्हणून मी नुसती मान हलवली. काय विचारलं होतंस ते लिही.

हे पत्र घडी करून चारी बाजूंनी दोऱ्याने शिवलं आहे आणि मावशीच्या पत्राबरोबर एकाच पाकिटात घातलं आहे. तिकीटही एकच लागतं. मावशीला राग येईल. येऊ दे. फोनवर मला काही कळत नाही, आणि तुझा निरोप दुसऱ्या कुणी ऐकून मला खुणांनी सांगावा हे या बाबतीत नको.

आगीच्या बंबावरच्या नोकरीबद्दल तिथे अवाक्षर काढायचं नाही. मावशीजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही, कुणाजवळच नाही. तुझ्या बाबांनाही मी एवढंच सांगितलं आहे की पोरीला चष्म्याचा कंटाळा आला. मागे शाळेतली नोकरी नक्की झाली म्हणून आपण गल्लीभर सांगत सुटलो, लोकांनी तोंडभर कौतुक केलं, आणि आठवड्यात ती यादीच रद्द झाली. तू अंथरुणाला खिळलीस ते मी विसरलेले नाही. या वेळी हातात कागद पडेपर्यंत ओठ शिवून घे.

धावणं झालं, वजन उचलणं झालं, शिडी झाली. शिडीवर तू मुलांच्याही आधी वर पोचलीस हे सांगितलंस तेव्हा मी तुला रागावले, पण भांडी घासताना चार वेळा तेच आठवलं. आता चष्म्याशिवाय पाटीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत, एवढंच उरलं आहे. ते देव करील. मी रोज तुझ्या नावाचा एक जप वेगळा करते आहे.

आजीला सोडून मला निघता येत नाही, नाहीतर आले असते. ऑपरेशन झाल्यावर जुना चष्मा टाकू नकोस. फ्रेम चांगली आहे, काचा बदलून आजीला होईल.

आई


९ जून

ती. आईस नमस्कार.

मी विचारलं होतं, "मावशीला सांगू का?" तू मान हलवलीस म्हणून मी रस्ताभर खूश होते. म्हटलं, चला, एकीजवळ तरी बोलता येईल. मग तुझं पत्र आलं. नाही सांगत.

काल तपासणी झाली. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि एकेका यंत्रावर हनुवटी टेकायला लावली. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याची जाडी मोजली. चांगली आहे म्हणाल्या, कुठलंही ऑपरेशन करता येईल. डॉक्टरबाई मोकळ्या आहेत. त्यांनी कागदावर चित्र काढून तीन प्रकार सांगितले.

पहिल्यात त्या पडद्याचा वरचा पापुद्रा कांद्यासारखा कापून बाजूला करतात, खाली किरणांनी आकार देतात आणि पापुद्रा पुन्हा लावून टाकतात. दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. दुखत नाही. पण तो पापुद्रा जन्मात पहिल्यासारखा घट्ट बसत नाही. दुसऱ्यात पापुद्रा नाहीच. वरची नाजूक साल खरवडून काढतात, किरण देतात, साल आपोआप भरून येते. त्यात चार-पाच दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं आणि नजर नीट बसायला तीन महिने लागतात. पण डोळा मजबूत राहतो. तिसऱ्यात डोळ्याच्या आत भिंग बसवतात. ते मोठ्या नंबराला, मला त्याची गरज नाही.

मग त्यांनी विचारलं, "काम काय करतेस?"

मावशी शेजारीच होती. मी म्हटलं, "घरीच असते. जड उचलावं लागतं कधी कधी. त्याने काही होतं का?"

"जड म्हणजे काय?"

"पाणी भरते."

त्या हसल्या. म्हणाल्या, "पाणी भरून पापुद्रा हलत नाही गं. खेळात, मारामारीत, तोंडावर काही आदळण्याचं काम असेल तर मी दुसरं सांगते. तुला पहिलं चालेल." मावशी म्हणाली, "आमची पोर कुठली मारामारी करते! झुरळ बघून पलंगावर चढते." सगळे हसले. मीही हसले.

आई, मला दुसरं करावंसं वाटतं. पण आपली डोळ्यांची तारीख ऑगस्टच्या मध्यावर आहे, तोवर नजर बसली नाही तर काय करायचं ते कळत नाही. इथे वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. मुलं त्यांना शिडीकाका म्हणतात. सगळं आयुष्य बंबावर काढलंय त्यांनी. एक कान भाजून आक्रसलेला आहे. मी पायऱ्या दोन दोन चढते हे बघून म्हणाले, "कुठे शिकलीस असं चढायला?" मी हसून घरात पळाले. त्यांना विचारू का? एकदाच? ते कुणाला सांगायचे नाहीत.

लवकर लिही. बाईंनी वीस तारीख दिली आहे.

तुझी
भिंगरी


११ जून

ती. ताईस,

नमस्कार तर आहेच, पण आधी भांडण. अगं, मी इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवून पोट भरते आणि तू मला शिवलेलं पत्र पाठवतेस? तेही धावदोऱ्याने! तीन ठिकाणी टाका सुटलाय. मनात आणलं असतं तर उसवून, वाचून, पुन्हा तुझ्याच भोकांतून दोरा ओवून दिला असता, तुझ्या देवालाही कळलं नसतं. पण नाही केलं. मायलेकींचं काय ते मायलेकींजवळ.

तरी मला कळायचं ते कळलंच. मुलीला एकाएकी चष्मा नको होतो, आई ते पत्रात शिवून पाठवते, यात न समजण्यासारखं काय आहे? कुणीतरी बघायला येणार आहे ना? नसेल तर इथे माझ्या नजरेत एक आहे. खोक्यांच्या कारखान्यात मुकादम आहे, घर स्वतःचं, आई गरीब गाय. त्यांना मी जुलैत बोलावते.

म्हणून मी डॉक्टरबाईंसमोर पहिल्याच प्रकाराचा आग्रह धरला. तीन महिने लाल डोळे घेऊन पोरगी पाहुण्यांसमोर बसवायची का? बाईंनाही ते पटलं. पोर मात्र घुम्यासारखी बसली होती. तिला म्हटलं, काय मनात आहे ते बोल. तर म्हणे, "आईचं पत्र येऊ दे." एवढी आज्ञाधारक मुलगी माझ्या पोटी असती तर मी मिरवली असती.

शिडीकाकांशी तिचं चांगलं जमलंय. त्यांचा पेपर वर नेऊन देते.

धाकटी


१५ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

टाक्यांबद्दल बोललीस ते सोसलं. या वेळी दुहेरी दोरा घातला आहे. मुकादमाच्या आईला जुलैत हवं तर बोलाव. पहिल्या प्रकाराबद्दल माझंही तेच मत पडतं. बाकी भेटीअंती.

ताई


(आत शिवलेलं)

चि. भिंगरीस,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मग देवापुढे बसले. मला असं वाटतं की तारीख देवाने दिली आहे आणि तारखेच्या आत बरं होणारं ऑपरेशनही त्यानेच दाखवलं आहे. तीन महिन्यांचं घेऊन बसलीस तर तारखेला पाटी धूसर दिसेल आणि हातातोंडाशी आलेला घास जाईल. पहिलं कर. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत, त्यांना सगळं कळतं.

शिडीकाकांना विचारू नकोस. माणूस चांगला असेल, पण चांगली माणसंच आनंदाने चार ठिकाणी बोलतात. त्यांची जुन्या लोकांत ऊठबस असणार. एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी जाईल, मग कुणाची तरी पोर, कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी नजर. आतापर्यंत इतकं गप्प राहिलीस, आता दोन महिन्यांसाठी सांडू नकोस. माझं एवढं ऐक.

ऑपरेशनच्या वेळी मनात नाम घे. औषधांच्या पावत्या जपून ठेव.

आई


२२ जून

ती. आईस,

झालं. पहिल्याच प्रकाराने.

डोळे बधिर करून एक कडी बसवली, तेव्हा थोडा वेळ सगळं काळं झालं. मग एक हिरवा ठिपका. त्याच्याकडेच बघत राहायचं होतं. नाम घेत होते. किरण लागताना केस जळल्यासारखा वास आला. मला हसू आलं. आगीच्या कामासाठी आले आणि पहिली मीच जळाले, असं मनात आलं. बाई ओरडल्या, "हलू नकोस."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवरच्या वाट्या काढल्या. आई, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा दिसले. चष्म्याशिवाय झाडाचं एकेक पान वेगळं दिसेल असं मला वाटलंच नव्हतं, मला ते एक हिरवं ढेकूळ वाटायचं. मी रडायला लागले तर मावशी म्हणाली, "रडू नकोस, पापुद्रा वाहून जाईल."

काल रस्त्यावरून बंब गेला. शिडीवरचा आकडा मला इथून वाचता आला. शिडीकाका गॅलरीत उभे होते. माझ्या काळ्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "काय केलंस गं डोळ्यांना?" म्हटलं, नंबर काढला. ते म्हणाले, "कशाने?" मी म्हटलं, काही कळलं नाही बाई, डॉक्टरांना माहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि आत गेले.

तुझं ऐकलं.

भिंगरी


१२ जुलै

ती. ताईस,

मुकादमाची आई येऊन गेली. भिंगरीला बघून म्हणाली, "डोळे किती बोलके!" मी मनात म्हटलं, बाई, महिन्यापूर्वी आली असतीस तर ते बाटलीच्या बुडाआड होते. होकार त्यांच्याकडून आल्यात जमा आहे. तुझी लेक मात्र "ऑगस्ट होऊ दे" म्हणते. ऑगस्टात काय आहे? तुझे ग्रह बदलतात का?

ती रोज सकाळी धावायला जाते. वर शिडीकाकांकडची जड पेटी उचलून खाली आणते, पुन्हा वर नेते. काका विचारतात, "काय चाललंय?" ती म्हणते, "वजन कमी करते." हिच्या अंगावर कमी करायला आहे काय?

धाकटी


२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

तारीख होऊन गेली. रोज टपालवाल्याची वाट बघते. त्याला हल्ली माझी दया येते बहुतेक, लांबूनच हात हलवतो. पास झालीस ना? कागद मिळायला वेळ लागत असेल. मी कुणाला बोललेले नाही. आजी विचारते, तुला काय झालंय, सारखी दारात का जातेस. एक ओळ लिही.

आई


२४ ऑगस्ट

आई,

लिहायला उशीर झाला.

पाटी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तपासणारे शाबास म्हणाले. मग यंत्रावर हनुवटी टेकायला लावून डोळ्यावर उजेडाची एक चीर टाकली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ऑपरेशन केलंस?"

म्हटलं, हो.

"पापुद्र्याचं ना?"

बुबुळाच्या कडेने एक बारीक गोल रेघ राहते. आपल्याला आरशात दिसत नाही. त्यांना दिसते.

ते म्हणाले, "आमच्याकडे हे चालत नाही. फवारा तोंडावर उलटतो, वरून काहीबाही पडतं. पापुद्रा सरकला तर तू आंधळी होऊन शिडीवर, आणि तुझ्या पाठीवरचा माणूस?" मी विचारलं, खरवडून केलं असतं तर? "चाललं असतं." मी म्हटलं, पण त्याला तीन महिने लागतात आणि तुमची तारीख होती. ते म्हणाले, "साधा अर्ज दिला असतास तर पुढच्या तुकडीबरोबर घेतली असती. दर वेळी दोघा-तिघांचं तसं असतं. कुणाला विचारलं नाहीस का?"

मी म्हटलं, "नाही."

आता काही करता येईल का, तेही विचारलं. ते चांगले होते गं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "कापलेला पापुद्रा कापलेलाच राहतो, बाळ. पुढच्या वर्षी आलीस तरी, आणि दहा वर्षांनी आलीस तरी." माझ्या कागदावर शिक्का मारून त्यांनी तो गठ्ठ्यात ठेवला. गठ्ठा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. शिक्का मला दारातून वाचता आला.

परत आले तेव्हा शिडीकाका जिन्यात बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्या नोकरीबद्दल मी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला सांगितलं. ते नुसतं "अगं पोरी" म्हणाले. मग कठडा धरून वर गेले. मावशीने चहा पाठवला तो त्यांनी परत केला.

आता तू कुणालाही सांगितलंस तरी चालेल. दृष्ट लागायला काही उरलेलं नाही.

भिंगरी


२८ ऑगस्ट

ताई,

मला काल कळलं. तेही शिडीकाकांकडून. माझ्या घरात अडीच महिने मुलगी होती आणि ती कशासाठी आली हे मला वरच्या म्हाताऱ्याने सांगावं!

मी तुझ्यावर ओरडायला बसले होते. पण काय ओरडू? डॉक्टरबाईंसमोर झुरळाची थट्टा मीच केली. पहिल्या प्रकारासाठी मीच जीव टाकला, त्या मुकादमाच्या आईसाठी. तुझं दुहेरी दोऱ्याचं पत्र मी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दुपारभर शिलाई यंत्राच्या खणात ठेवलं होतं, पोरगी बाहेर गेली होती म्हणून. कात्री त्याच खणात होती. मला उसवता आलं असतं. ताई, एकदा उसवायला हवं होतं गं. कसला प्रामाणिकपणा घेऊन बसले होते मी?

पोर जेवते, भांडी घासते, विचारलं तेवढं बोलते. मुकादमाकडे होकार कळवू का विचारलं तर म्हणाली, "कळव." म्हटलं, मनापासून? तर म्हणे, "मावशी, त्याने काय होतं?" मी कळवलेलं नाही.

दुपारी तिचा जुना चष्मा घालून गॅलरीत बसते. मी म्हटलं, काढ तो, चांगले झालेले डोळे बिघडतील. ती म्हणाली, "ह्यातून सगळं धूसर दिसतं. बरं वाटतं." बंबाची घंटा वाजली की उठून आत जाते.

तू ये. आजीला कुणाकडे तरी ठेव आणि ये.

धाकटी


२ सप्टेंबर

चि. धाकटी आणि चि. भिंगरी,

हे पत्र दोघींना आहे. शिवलेलं नाही. शिडीकाकांनाही वाचून दाखवा.

आजीला दोन दिवस सांभाळायला माणूस मिळाला की निघते. येऊन काय करणार ते मला माहीत नाही. भिंगरीच्या समोर कसं उभं राहायचं तेही माहीत नाही. ती मला सगळं स्वच्छ बघू शकेल आता.

देवापुढे दिवा लावते, कारण हात आपोआप वात करतात. पण बसल्यावर काय मागायचं ते सुचत नाही. आजवर मी त्याच्याशी जेवढं बोलले त्याच्या निम्मं जरी माणसांशी बोलले असते तरी पुरलं असतं. तो काही बोलला नाही म्हणून मी त्याचा होकार धरला. तू खिडकीतून विचारलंस तेव्हाही मी असंच केलं. ऐकू काही आलं नव्हतं.

तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "शिडीवर सगळ्यांच्या आधी पोचली? आपली भिंगरी?" आणि उठून बाहेर गेले. मी त्यांना तेवढंही कळू दिलं नव्हतं.

काल दुधाच्या रांगेत उभी होते. पुढे शेजारीण, मागे तिची जाऊ. काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. म्हटलं, माझी मुलगी बंबावर जाणार होती. वजन उचलण्यात पास, धावण्यात पास, शिडीवर मुलांच्या पुढे. मला माझा आवाज कळत नाही, फार मोठ्याने बोलले असणार, कारण सगळी रांग वळली. बायका जवळ आल्या. शेजारणीने माझा हात धरला. तिच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की मला पुढचं बोलवेना.

ती काहीतरी विचारत होती. ओठांवरून वाटलं, कधीपासून जाणार ती कामावर, असं असावं.

मी मान हलवली.

आई